लव्हाळा व्यवस्थापनात बाकाचे स्थान

माणसाला ओल सहन होत नाही, आणि ती ओल कुठून येते हे शोधणं त्याहूनही सहन होत नाही. या दोन असह्य गोष्टींच्या मधे जी थोडी कोरडी जागा उरते, तिच्यावर जगातली बहुतेक व्यवस्थापनं उभी आहेत. आमचंही तिथेच उभं होतं. खरं म्हणजे बसलेलं होतं, पण त्याकडे पुढे येतो.

घरामागे उतारावर आमचं एक लहानसं कुरण आहे. रस्त्यावरून बघितलं तर ते हिरवंगार दिसतं. पाहुणे कुंपणाशी थांबून "वा, काय हिरवळ आहे तुमच्याकडे," असं म्हणतात आणि आम्हीही मान डोलावतो. ती हिरवळ म्हणजे लव्हाळा. लव्हाळा ओल्या जमिनीत झुपक्याझुपक्यानं उगवतो, सुईसारखा ताठ उभा राहतो, आतून नुसता भुसा असतो आणि कुणाच्या पोटात जात नाही. (हेच गुण माणसात असले तर त्याला बढती मिळते.) गाय लव्हाळा खात नाही. ती वाकून हुंगते, मान वर करते आणि आपल्याला इथे कुणी आणून सोडलं ते आठवत उभी राहते.

गाय एकच आहे. तिला घरात मॅडम म्हणतात, कारण बोलावून ती येत नाही आणि आली की सगळ्यांना उभं राहावं लागतं. मॅडम आत्याची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि काकांची धाकटी बहीण. घर, गोठा आणि आम्हा दोघांना चालवणारी एकमेव व्यक्ती. वडील नोकरीनिमित्त लांब असतात. मी घरी बसून काम करतो, यातलं 'काम' सोडून बाकीचं आत्याला मान्य आहे. काका पाणी खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी नकाशांवर निळ्या रेघा ओढल्या, आणि त्या रेघांतून प्रत्यक्षात पाणी गेलं की नाही हे बघायचं काम दुसऱ्या विभागाकडे होतं. त्यामुळे पाण्याशी त्यांचे संबंध शेवटपर्यंत सौहार्दाचे राहिले.

कुरणात लव्हाळा दिसू लागला त्या वर्षी काकांनी लव्हाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली. 'निर्मूलन' हा शब्द काकांनी पहिल्याच बैठकीत नाकारला. निर्मूलन झालं तर समितीनं काय करायचं, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. अध्यक्ष काका. तांत्रिक सदस्य शेजारचा गवंडी. सचिव मी, कारण माझ्याकडे लॅपटॉप होता. आत्या कायम निमंत्रित, पण बैठकांची वेळ आणि गोठा झाडायची वेळ एकच असल्यानं ती कधी आली नाही. मॅडम लाभार्थी. लाभार्थीला बोलावण्याची पद्धत नसते, तरी ती प्रत्येक बैठकीला हजर असायची आणि मधूनमधून शेपटीनं हरकत नोंदवायची.

बैठका कुरणातच होत. खालच्या कोपऱ्यात, जिथे उतार संपतो, तिथे एक बाक आहे. म्हणजे होता.

या बाकाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. काकांनी तो स्वतःच्या हातांनी बनवला. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी उभं करावंसं वाटतं. काहीजण कुळाचा इतिहास लिहितात, काहीजण ट्रस्ट काढतात. काकांनी सिमेंटचा बाक ओतला. "तिला बसायला होईल," एवढंच ते म्हणाले होते. तिला म्हणजे आत्याला. मॅडम चरत असताना आत्या तासन्‌तास उभी असायची आणि रात्री पाय चोळत बसायची, हे काकांनी बघितलं होतं. गवंड्यानं साचा करून दिला, लेव्हल लावून दिली आणि काकांनी एक अख्खा आठवडा घोटून घोटून त्याला अशी पाठ दिली की बसलेला माणूस आपोआप मागे टेकतो. खाली जाड फरशी, वर बाक, सगळं एकसंध. आत्या त्यावर कधी बसली नाही. "बसायला वेळ कुठाय," म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

बाकाची जागा काकांनी नीट विचार करून निवडली होती. त्या वेळी संपूर्ण कुरणात तीच जागा सर्वांत कोरडी होती. ती सर्वांत कोरडी का आहे, हा विचार तेव्हा कुणी केला नाही, कारण निवांत बसून विचार करायला बाक अजून तयार नव्हता. आणि बाक तयार झाल्यावर जागा कोरडी राहिली नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला.

(बाकाच्या फरशीखाली एका जुन्या पाइपाचं तोंड आहे. सगळ्या कुरणाचं पाणी पूर्वी त्यातून खालच्या ओहोळात जायचं. हे आपलं सहज सांगितलं. लव्हाळ्याच्या विषयाशी त्याचा काही संबंध नाही, असं समितीचं मत होतं.)

आता आपण मूळ विषयाकडे, म्हणजे व्यवस्थापनाकडे वळू.

पहिल्या वर्षी कापणीचं धोरण स्वीकारलं गेलं. मी आणि गवंडी विळे घेऊन उतरलो, काका बाकावरून दिशा दाखवत होते. दिवस मावळायच्या आत कुरण स्वच्छ झालं. काकांनी फोटो काढायला लावला. पुढच्या महिन्यात लव्हाळा दुपटीनं आला, कारण कापलेल्या लव्हाळ्याला धुमारे फुटतात आणि एका दांडीच्या जागी दोन उभ्या राहतात. समितीनं याचं स्वागत केलं. आधी कापण्यासारखं जेवढं होतं त्याच्या दुप्पट आता होतं, म्हणजे कामगिरीत शंभर टक्के वाढ. तिसऱ्या कापणीपर्यंत ही वाढ इतकी झाली की कागदावरचा आलेख पानाबाहेर गेला आणि मला कागद आडवा करावा लागला.

दुसऱ्या वर्षी पाहणीचं धोरण आलं. रोज सकाळी समिती कुरणात फेरी मारायची, झुपके मोजायची आणि बाकावर येऊन बसायची. ओल्या जमिनीत माणूस चालला की पायाचा खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साचतं, आणि लव्हाळ्याचं बी वर्षानुवर्षं मातीत नेमकी अशाच सोयीची वाट बघत पडलेलं असतं. वर्षाअखेरीस समितीची पायवाट कुरणातला सर्वांत दाट पट्टा झाली. ती दुरूनही ओळखू येत असल्यानं पाहणी करणं सोपं गेलं.

तिसऱ्या वर्षी चुना टाकला. चुना टाकल्यानं जमीन सुधारते, पण त्याआधी ती जमीन असावी लागते. आमच्याकडे तोवर पातळ काहीतरी झालं होतं. चुना त्यावर थोडा वेळ तरंगला, मग विरघळला. मॅडमचे चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झाले आणि आठवडाभर ती मोजे घातल्यासारखी फिरली. गवंडी म्हणाला, भिंत असती तर एका हातात काम झालं असतं.

अशा गोष्टी कानावर येतात तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय असं लोक म्हणतात. आमच्याकडे ते कुठेच मुरत नव्हतं, हीच तर तक्रार होती.

बाहेरच्या कुणी आम्हाला सांगितलं नाही असं नाही. सांगायला पुष्कळजण आले. पलीकडच्या घरातले निवृत्त मास्तर एकदा कुंपण ओलांडून तावातावानं खाली आले. "अहो, तुमचा तो पाइप—" एवढं ते बोलले.

"या मास्तर, बसा आधी," काका म्हणाले.

मास्तर बसले. पाठ टेकली. समोर हिरवाई, वर निरभ्र आकाश, हातात चहा. मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यानंतर तासभर आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. जाताना म्हणाले, "फार बरं वाटलं. काय सांगायला आलो होतो ते आठवलं की येतो." त्यानंतरही ते अधूनमधून येत, पण आठवलं नव्हतं.

बाकाचा हा गुण मी पुढे अनेकांवर तपासला. ज्याला काही बोलायचं आहे तो उभ्यानं येतो. बसला की तो सल्ला देतो, मत देतो, अनुभव सांगतो, पण जे सांगायला आला होता ते त्याच्या तोंडून निघत नाही. आणि शेवटी, ज्यावर आपण बसलोय तेच उचला असं सांगणं हा कुठल्याही घरात उद्धटपणाच ठरतो.

शेवटी काकांनी सल्लागार बोलावली. तालेवार बाई होत्या, पायात नवेकोरे गमबूट, हातात जमीन तपासायची सळई. त्यांनी कुरणात चार ठिकाणी सळई खुपसली, चारही ठिकाणी बुडबुडे आले. त्यांनी सळई पुसली आणि सरळ विचारलं, "या जमिनीतलं पाणी बाहेर कुठून जातं?"

काका आभाळाकडे बघू लागले. गवंडी नखं बघू लागला. मला अचानक एक मेसेज आला, जो आला नव्हता. फक्त मॅडमनं बाकाकडे बघितलं. पण तिला मताधिकार नव्हता.

"आधी बसा तरी," काका म्हणाले. "चिखलात चालून दमला असाल."

बाई बसल्या.

"वा," त्या म्हणाल्या. "बाक छान आहे हो."

"लेव्हल बघा," गवंडी पुढे सरसावला. "यावर भरलेला पेला ठेवा. पाणी हलायचं नाही."

पाणी हलत नाही हे बाईंनाही मान्य होतं. त्यांनी दोन कप चहा घेतला आणि नंतर पाठवलेल्या अहवालात मातीची आम्लता, उन्हाचा कोन, लव्हाळ्याचा स्वभाव अशी सुंदर प्रकरणं लिहिली. शेवटी शिफारस केली की लव्हाळ्याकडे समस्या म्हणून न बघता सहप्रवासी म्हणून बघावं. काकांना ही शिफारस इतकी आवडली की त्यांनी ती मला मोठ्यानं दोनदा वाचायला लावली. मॅडमनं त्या वेळी एक लांब उसासा टाकला. गायी तसेही उसासे टाकतात, त्याचा अर्थ लावू नये.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते चौथ्या वर्षी, आणि अडवलं आत्यानं.

एका सकाळी ती बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. काका चहा पीत होते.

"दादा, बादलीत बघ."

काकांनी बघितलं. "दूध आहे."

"किती आहे?"

"दिसतंय की थोडं."

"थोडं नाही. बादलीच्या तळाला रंग दिल्यासारखं आहे. तिच्या बरगड्या बघितल्यास? त्यावर कपडे वाळत घालता येतील." आत्यानं बादली खाली ठेवली. "हा उन्हाळा संपेपर्यंत कुरणात गवत दिसलं नाही, तर मी तिला गवळ्याकडे पाठवते. त्याची जमीन कोरडी आहे, उताराची आहे. तिथे ती जगेल तरी."

"समिती बघतेय ना."

"चार वर्षं बघतेय. बघून गवत आलं असतं तर मॅडमला आज दारातून आत घेता आलं नसतं."

एवढं बोलून ती आत गेली. भांडी जरा जास्त आवाज करत होती. आत्यानं मॅडमला वासरू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं; ती गेल्यावर आत्या सकाळी उठून काय करणार, हा विचार आमच्या दोघांच्याही मनात आला आणि आम्ही दोघांनीही तो एकमेकांना सांगितला नाही. काका कप घेऊन बाकाकडे गेले. तिथे ते बराच वेळ फरशीकडे बघत बसले होते, हे मी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, चप्पल शोधत असतील.

समितीनं आणीबाणी जाहीर केली. तातडीच्या उपायांपैकी उल्लेखनीय असे:

लव्हाळ्यावर मिठाचं पाणी शिंपडणे, म्हणजे मॅडमला तो चविष्ट लागेल. मॅडमनं प्रत्येक दांडी खालपासून वरपर्यंत चाटली आणि जिथल्या तिथे सोडली. कुरणातला लव्हाळा एवढा स्वच्छ पूर्वी कधीच नव्हता.

लव्हाळा आडवा पाडणे. गवंड्यानं भरलेलं पिंप कुरणातून लोळवलं. लव्हाळा पडला. पिंप पुढे गेल्यावर उठला. (अंगात एवढी लवचीकता यावी म्हणून लोक सकाळी पैसे देऊन वर्गाला जातात.) पिंप मात्र खालच्या कोपऱ्यात रुतलं आणि अजून तिथेच आहे.

दर्शनी गवत. ही कल्पना माझी. आत्या म्हणाली होती, गवत 'दिसलं' पाहिजे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुरणाचा फक्त वरचा पट्टा दिसतो. मी आणि गवंड्यानं रस्त्याच्या कडेचं कोवळं गवत मुळासकट उपटून आणलं आणि त्या पट्ट्यात लव्हाळ्याच्या मधे मधे रोवलं. सकाळी फार सुरेख दिसत होतं. आत्या खिडकीशी आली, थबकली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुपारपर्यंत मॅडमनं सगळा देखावा खाऊन टाकला. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच समितीबद्दल आदर दिसला.

आत्या संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुम्हाला दोघांना काही काम लावायला पाहिजे."

उन्हाळा संपला. ठरल्या दिवशी गवळी आला. रुंद खांद्यांचा, सरळ बोलणारा माणूस, हातात कासरा. कुंपणाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं तशी त्याची चप्पल पचकन बुडाली. त्यानं खाली बघितलं, उताराकडे बघितलं, खालच्या कोपऱ्यात बसलेल्या समितीकडे बघितलं आणि तरातरा आमच्याकडे आला.

"साहेब, हे पाणी तुमच्या त्या बाका—"

"बसा की," काका म्हणाले.

गवळ्यानं हातातला कासरा बघितला, बाक बघितला. बसला. टेकला. "आहाहा," म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "आमच्या म्हशीला काल उचकी लागली होती."

अशा रीतीनं आम्ही चौघं बाकावर: काका, गवंडी, गवळी आणि कडेला अर्धा मी. सकाळचं ऊन पडलेलं. चहा यायचा होता. कुणी घाईत नव्हतं. मॅडम जाणार होती, पण तिला न्यायला आलेला माणूसच म्हशीच्या उचकीबद्दल बोलत होता, त्यामुळे हे भिजत घोंगडं असंच संध्याकाळपर्यंत पडून राहील अशी मला आशा होती. मला मॅडम आवडते. बैठकीत गंभीर चेहरा ठेवणारी ती एकटीच.

तेवढ्यात आत्या आली. तिनं मॅडमला धरून आणलं होतं. अंग धुतलेलं, शिंगं पुसलेली. आत्याचे डोळे लाल होते. "धुरानं," असं तिनं कुणी विचारायच्या आत सांगितलं. चूल आमच्याकडे नाही, गॅस आहे.

"घ्या," ती गवळ्याला म्हणाली. "उजव्या बाजूनं दूध काढा. डावीकडे उभं राहिलात तर लाथ मारते. आणि ओरडू नका तिच्यावर, तिला सवय नाही."

गवळी उठला, कासरा घेतला आणि ओढला. मॅडम हलली नाही. हट्टानं नव्हे, तिचे पाय रुतले होते. बाकाच्या आसपास चिखल सर्वांत खोल होता. गवळ्यानं पुन्हा ओढलं. गवंड्यानं मागून रेटलं. मॅडमनं दोघांकडेही आळीपाळीनं बघितलं. आत्या पुढे झाली, तिनं मॅडमच्या मानेला हात घालून "चल गं बाई" म्हणत पाऊल टाकलं, आणि तिची चप्पल चिखलात गेली. गेली म्हणजे गेलीच. आत्या एका पायावर उभी.

बसायला त्या सबंध कुरणात दुसरी जागा नव्हती.

गवंडी उठल्यावर मी काकांच्या शेजारी सरकून ऐसपैस बसलो होतो. "ऊठ," ती मला म्हणाली. मी उठलो. आत्या काकांच्या शेजारी बाकावर बसली.

माझी खात्री होती की आता संपलं. मास्तर गेले, सल्लागार गेल्या, गवळी गेला. आता आत्याही म्हशीच्या उचकीवर एखादा घरगुती उपाय सांगणार. ती मागे टेकली. बाकाची पाठ तिच्या पाठीला नेमकी बसली, जणू माप घेऊन केली होती. आणि मला तेव्हा लक्षात आलं की माप घेऊनच केली होती.

"कसा आहे?" काकांनी समोर बघत विचारलं.

"पाठीला बरा आहे." आत्यानं बाकाची कड हातानं चाचपली. "चांगला बांधलायस."

"तुझ्यासाठीच होता."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर एवढी वर्षं तोंडाला कुलूप लावलं." तिनं चिखलानं भरलेला पाय दुसऱ्या पायावर घासला. "बसले मी दादा. झालं समाधान? आता उचल हा."

मॅडमनं कान हलवले.

"उचलतो," काका म्हणाले. "तू एकदा बसावंस, एवढंच होतं. न बसताच उचलायचा म्हणजे... उगाच केल्यासारखं झालं असतं."

"म्हणजे खाली पाइप आहे हे तुला माहीत होतं?"

"अगं, मी पाणी खात्यात होतो."

"म्हणूनच विचारतेय," आत्या म्हणाली.

काका हसले. मग आत्याही हसली, डोळे पुसत, "धूर," म्हणत. गवंड्याचा चेहरा तेवढा उतरला. "उचलला तर लेव्हल जाईल," तो पुटपुटला. पण पहारी तोच घेऊन आला.

चौघांनी मिळून फरशीखाली पहारी घातल्या. बाक आधी हललाच नाही, मग एकदम कलला आणि बाजूला झाला. खाली पाइपाचं तोंड होतं, चिखलानं बुजलेलं. गवळ्यानं हात घालून दोन ओंजळी गाळ काढला. पाइपानं एक उचकी दिली. (म्हशीची आठवण सगळ्यांना झाली.) मग खोल घशातून एक आवाज आला, आणि चार वर्षांचं साचलेलं पाणी काही एक चर्चा न करता निघून गेलं. ते जाताना आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. समितीच्या इतिहासात कुठल्याही विषयाचा एवढा झटपट निकाल लागला नव्हता.

मॅडमचा एक पाय सुटला. मग दुसरा. ती चार पावलं पुढे गेली आणि गवळ्याकडे न जाता आत्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मग मी कासरा रिकामाच नेऊ?" गवळ्यानं विचारलं.

"गवत येईपर्यंत रोज एक भारा चारा आणून दे," आत्या म्हणाली. "आणि जाताना माझी चप्पल काढून दे."

गवत आलं. लगेच नाही, पण पावलापावलानं आलं. लव्हाळा त्याच वर्षी एकदा कापला तो पुन्हा पूर्वीसारखा फोफावला नाही. थोडा उरलाय, ओहोळाच्या काठाला, शोभेपुरता. मॅडमच्या बरगड्या आता दिसत नाहीत. दूध बादलीच्या निम्म्यापर्यंत येतं. समितीची पुढची बैठक कुरणात उभ्यानं घ्यावी लागली. तीत एकही ठराव झाला नाही, कारण चहा उकळायच्या आत ती संपली. उभ्या माणसाला कारण दिसतं, आणि धोरण सुचायला त्याला बसावं लागतं, असा या सबंध अनुभवाचा निष्कर्ष मी काढला आहे. बसायची सोय नसल्यानं समिती बरखास्त झाली.

बाकाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. एवढा छान बाक टाकून कसा देणार. तो आता घरासमोर आहे, खिडकीखाली. या वेळी जागा आत्यानं स्वतः निवडली. पुढच्या सगळ्या अंगणात तेवढीच एक जागा कोरडी होती. आता तिला वेळही असतो. संध्याकाळी दूध काढून झालं की ती आणि काका तिथे चहा घेत बसतात. मास्तर येतात, त्यांना अजून आठवलेलं नाही.

स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी हल्ली जरा रेंगाळतं. आत्याचं म्हणणं, मोरीला उतार कमी आहे. गवंड्याचं म्हणणं, साबण बदलून बघा. काल मी अंगणात गेलो होतो, मला आत्याला काहीतरी सांगायचं होतं. ती म्हणाली, "ये, बस." बसलो. संध्याकाळ फार छान होती. मोरी व्यवस्थापन समितीचा सचिव मीच आहे.

आता तुम्ही हसलात. हसायला हरकत नाही. तुमच्याही घरात काहीतरी बरेच दिवस तुंबलेलं असणार, त्यावर तुम्ही उपायही करत असणार, आणि हे सगळं तुम्ही बसूनच वाचलं असणार (उभ्यानं इतकं कुणी वाचत नाही). एकदा उठून, आपण बसलोय त्याच्या खाली नुसतं बघायला फार वेळ लागत नाही. बघा.

नाही उठलात. ठीक आहे, आम्हीही नव्हतो उठलो. थोडं सरकून घ्या फक्त, मला अर्धी जागा पुरते.